कॅराव्हॅनची सहल : पहिल्याच दिवशी पावणेआठ तास गेले. डिसेंबरात पुन्हा निघायचंय, काय बदलू?

पाचगावकरीण

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

मी कोल्हापूरजवळ पाचगावात राहते, एका महिला दूध संस्थेत सचिव आहे. संघाची गाडी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दारात येते. कॅन तयार नसले तर गाडी पुढच्या गावाला जाते आणि दूध आमच्या गळ्यात पडतं. चौदा वर्षांत असं दोनदाच झालं. म्हणजे घड्याळावर काम करायची मला सवय आहे. तरीही गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, आमची सहल पहिल्याच दिवशी अशी रखडली की अजून मनातून जात नाही.

आम्ही चौदा जण होतो. माझं घर, दीर-जाऊबाई आणि त्यांची मुलं, इचलकरंजीची आक्का आणि दाजी, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं कुटुंब, आणि माझे वडील, आप्पा. आप्पांचं वय ७८. तीस वर्षं त्यांनी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा दुसरा पुलकेशी त्यांनी किती पोरांना शिकवला असेल याची गणती नाही, पण पुलकेशीची राजधानी, बदामी, त्यांनी कधी पाहिली नव्हती. गुडघ्यांमुळे त्यांना सारखं हॉटेल बदलणं, जिने चढणं होत नाही. म्हणूनच कॅराव्हॅन ठरवली. बिछाना आणि संडास गाडीतच असला की त्यांना सोपं जाईल असं वाटलं. दोन गाड्या चालकांसह भाड्यानं घेतल्या. पाच दिवस, बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपी.

ठरलं होतं असं : पहाटे पाचला शिवाजी विद्यापीठाच्या गेटजवळ सगळे हजर. अकराला बदामी. जेवण, आप्पांना थोडी विश्रांती, आणि चारला उन्हं उतरली की सावकाश लेणी. कोल्हापूरहून बेळगाव एकशेदहा किलोमीटर, तिथून यरगट्टी-लोकापूरवरून बदामी. सगळं मिळून अडीचशेच्या आसपास. अवघड काहीच नव्हतं.

वेळा मी वहीत लिहिल्या होत्या, त्याच इथे देते.

गाड्या पुण्याहून आदल्या रात्री दहाला यायच्या होत्या, त्या पहाटे साडेतीनला आल्या. दोन्ही चालक रात्रभर गाडी चालवून आलेले, डोळे लाल. त्यांना लगेच निघा म्हणायची माझी हिंमत झाली नाही आणि ते बरोबरच होतं. साडेसहापर्यंत त्यांना झोपू दिलं. गाडी आमच्या गल्लीत शिरेना, केबलच्या तारा खाली लोंबत होत्या आणि गाडीची उंची दहा फुटांच्या आसपास. मग दोन घरांचं सामान हातानं मोठ्या रस्त्यापर्यंत. त्यात पन्नास मिनिटं. आक्का-दाजी सात वाजून दहा मिनिटांनी आले, बरोबर एक गादी, दोन शेगड्या आणि भडंगाचं अर्धं पोतं. हे सगळं ठेवायचं कुठं यावर वीस मिनिटं. मग चालकानं गाडी समजावून सांगायला घेतली : संडासाची टाकी कशी काढायची, गॅसचा कॉक कुठं, इन्व्हर्टर कसा चालू करायचा. निम्मे लोक तेव्हा सामान लावत होते, त्यामुळे तेच सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मधेच कळलं की मागच्या गाडीतला पाण्याचा पंप चालत नाही, कारण आतली बॅटरीच उतरलेली. पोरं भुकेली झाली म्हणून मिसळ. चौदा माणसांची मिसळ म्हणजे सव्वा तास. मग डिझेल, हवा. शहराबाहेर पडलो तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

कागल ओलांडून कर्नाटकात शिरलो आणि तपासणीत कळलं की एका गाडीचं परराज्याचं परमिट मालकानं काढलेलंच नाही. तो फोनवर, चालक रस्त्याकडेला, आम्ही उन्हात. परमिट ऑनलाइन निघालं, पण एक तास चाळीस मिनिटं गेली.

बदामीला पोचलो संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी. अंधार पडलेला, लेणी बंद. दुसऱ्या दिवशी हंपीचा मुक्काम आधीच ठरलेला असल्यामुळे पहाटेच निघणं भाग होतं. आप्पा पायऱ्यांच्या खाली गाडीचं दार उघडं ठेवून बसले होते. तिसऱ्या लेण्यात पुलकेशीचा चुलता मंगलेश याचा लेख आहे, शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८. तो त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. "डोंगर तरी दिसतोय," एवढंच म्हणाले. मला त्यांनी बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

आता डिसेंबरात पुन्हा जायचं ठरतंय, मुद्दाम बदामीसाठीच. माणसं तीच, गाड्या दुसऱ्याकडून घेतोय. माझे प्रश्न दोन. पहिला दिवस वेळेवर कसा सुरू करायचा? आणि जे वेळेवर येत नाहीत त्यांना सोडून निघावं का? जाऊबाईंचं म्हणणं निघावं. मला ते जमेल असं वाटत नाही, पण आप्पांना पुन्हा तसं बसलेलं बघणंही जमणार नाही.

गोकुळशिरगाव_बॉडीवाला

ताई, मी गोकुळ शिरगावात गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. चार कॅराव्हॅन आजवर हातनं केल्यात, आतलं फर्निचर, टाक्या, वायरिंग सगळं. तुमची वही वाचली. लई चांगली ठेवलीया, उशीर कुठनं आला ते तिच्यातच दिसतंय बगा.

गाडी ताब्यात घ्यायची वेळ आनि निघायची वेळ तुम्ही एकच धरली. कार भाड्यानं घेतली तर किल्ली घेऊन बसलं की झालं. ह्या गाडीचं तसं न्हाई. ही गाडी बी हाय आनि घर बी हाय. घराचा ताबा घेताना नळ, लाईट, गॅस सगळं बघतो का न्हाई? त्याला दिवसाउजेडी दोन तास पाहिजेतच. ते दोन तास पहाटे पाचला काढाय गेलं की दहा वाजणारच.

आता बॅटरीचं सांगतो. ह्या गाडीत बॅटऱ्या दोन असत्यात. एक इंजिन सुरू करायची आनि एक आतल्या घराची; पंप, दिवे, पंखे, फ्रीज समदं तिच्यावर. गाडी आठ-पंधरा दिवस आवारात उभी ऱ्हायली आनि फ्रीज चालूच ऱ्हायला की ही दुसरी उतरती. इंजिन झकास सुरू होतंय, म्हणून चालकाला बी कळत न्हाई. गाडी पळवून ती भराय कितीतरी तास लागत्यात. त्यापेक्षा आदल्या रात्री घरच्या लाईटीवर लावून ठेवायची. पण त्याला १६ अँपिअरचा मोठा तीन पिनांचा प्लग पाहिजे. टीव्हीच्या प्लगवर आनि बारक्या एक्स्टेंशनवर लावू नका, वायर तापती. रात्रभर लाईटीवर असली की फ्रीज बी गार होऊन ऱ्हातोय, सकाळी गरम फ्रीजमध्ये दूध ठेवाय लागत न्हाई. दुधाचं तुम्हाला मी काय सांगू.

पाणी घरनं भरून नेऊ नका. एक लिटर म्हंजे एक किलो. दोनशे लिटर भरलं म्हंजे तीन माणसं जादा बसवल्यागत. निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट हाय, गाडी दम खाती. चाळीस-पन्नास लिटर लई झालं, बाकीचं मुक्कामाला भरा. गॅसचा कॉक गाडी चालू असताना बंद पाहिजे, ह्यात तडजोड न्हाई. हवा सकाळी टायर गार असताना बघायची, चार-पाच किलोमीटर पळवून मग बघितली की आकडा जादा दाखवतोय. जड सामान खाली आनि दोन चाकांच्या मधी, पार मागं टाकू नका. दाजींची गादी आनि शेगड्या घरीच. त्यांना ते आदल्या दिवशी सांगितलं तर राग येत न्हाई, गाडीच्या दारात सांगितलं की येतोय.

आनि आरसी बुकाचा फोटो आधी मागवा. तिच्यावर 'मोटर कॅराव्हॅन' असं लिहिलेलं पाहिजे. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आतनं बदल केलेला आनि कागदावर न चढवलेला, अशा गाड्या बी फिरत्यात. अडवलं की दिवस गेला.

निपाणी_टुरिस्ट

परमिटबद्दल लिहितो, कारण माझा धंदाच सीमेवरचा. पिवळी पाटी असलेली, म्हणजे चालकासह भाड्यानं दिलेली गाडी राज्याबाहेर नेताना अखिल भारतीय पर्यटक परमिट लागतं. ते २०२३ च्या नियमांप्रमाणे ऑनलाइनच काढायचं असतं. ज्याच्याकडे ते चालू आहे त्याला प्रत्येक राज्याचा वेगळा कर भरावा लागत नाही. काही मालक वर्षभराची फी वाचवायला ते काढत नाहीत आणि गिऱ्हाईक सीमेवर पोचल्यावर धावपळ करतात. गाडी ठरवतानाच परमिटची प्रत मागा, त्यावरची मुदत आणि गाडीचा नंबर वाचा. 'चालकाजवळ आहे' हे उत्तर घेऊ नका. विमा, फिटनेस आणि पीयूसी यांचेही फोटो त्याच वेळी घ्या.

फास्टॅगमध्ये पैसे किती तेही विचारा. कोगनोळी, हत्तरगी, दोन टोलनाके बेळगावच्या आतच आहेत.

रंकाळा_सकाळ

जाऊबाईंचं बरोबर आहे. आमच्या ट्रेकच्या गटात दहा मिनिटं थांबतो, अकराव्या मिनिटाला गाडी हलते. दोनदा दोघांना सोडून गेलो, तिसऱ्यांदा कुणी उशिरा आलं नाही.

पाचगावकरीण

@रंकाळा_सकाळ, ट्रेकला येणारी माणसं पाठीवर पिशवी घेऊन एकटी येतात. आमच्यात दोन वर्षांची भाची आहे आणि ७८ वर्षांचे आप्पा आहेत. आक्काला सोडून गेले तर मी पुढं पाच दिवस काय बघणार आहे?

@गोकुळशिरगाव_बॉडीवाला, दादा, बॅटऱ्या दोन असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चालक इंजिन सुरू करून दाखवत होता आणि मी पंपाकडे बघत होते.

माळकरी_६५

सविस्तर लिहिलंत ते फार बरं केलंत. मी कॅराव्हॅन आतून पाहिलेली नाही. पण चौदा नाही, दीडशे माणसं घेऊन अठरा वर्षं आषाढी वारीत दिंडीबरोबर चाललो आहे, आणि त्यातली नऊ वर्षं सामानाच्या ट्रकची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यातून जे समजलं ते सांगतो.

तुकोबांची पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान ठेवते. प्रस्थान ठेवून जाते कुठे? देहूतल्याच इनामदार वाड्यात. पहिला मुक्काम तिथेच. माउलींची पालखी अष्टमीला आळंदीच्या देवळातून निघते आणि ती रात्र आळंदीतच काढते. पुण्याची वाट दुसऱ्या दिवशी. मला पहिल्या वर्षी याचं नवल वाटलं होतं. एवढी लाखभर माणसं जमली, वीणा-पखवाज लागले, आणि चाललो किती, तर हाकेच्या अंतरावर. आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला सांगितलं, "घर सुटाय एक दिवस लागतोय बाबा, वाट चालाय नंतर."

ट्रक हातात आल्यावर तिचं म्हणणं कळलं. त्या पहिल्या रात्री काय काय उघडकीला येतं! तंबूची एक काठी कमी, कुणाचं औषध घरी राहिलेलं, शेगडीचा पाइप फाटलेला. पण गाव जवळ असतं, दुकान ओळखीचं असतं, घरून कुणीतरी आणून देतं. हीच काठी जेजुरीच्या पुढं कमी पडली असती तर माणसं पावसात झोपली असती.

आपल्याकडे घरोघरी हीच रीत होती. लांबच्या प्रवासाला मुहूर्त गाठायचा असेल तर तांदूळ-सुपारी बांधलेलं फडकं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणायचे. माझी आजी पंढरपूरला जाताना ठेवायची. एकदा प्रस्थान ठेवलं की ती घरच्या कामात लक्ष घालत नसे, निघालेलीच असे.

तुमचा प्रवास पहाटे पाचला सुरू होऊच नये, ताई. तो आदल्या दिवशी दुपारी सुरू व्हावा. घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, बदामीच्याच वाटेवर, ओळखीच्या माणसाच्या अंगणात पहिली रात्र काढा. सगळे गाडीत झोपा. संडास वापरा, चहा करा, अंथरूण लावा आणि काढा. जे राहिलं असेल ते त्या रात्री कळेल आणि इचलकरंजीहून कुणी मोटरसायकलवर आणून देईल. सकाळी तुम्हाला कुणाची वाट बघायची नसेल, कारण सगळे तिथेच झोपलेले असतील.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही वारीत आहे. माउलींच्या सोहळ्यात निघण्याआधी तीनदा कर्णा, म्हणजे तुतारीसारखं वाद्य, वाजतो. पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत आपल्या जागी यायचं, तिसऱ्याला पालखी हलते. तिसऱ्यानंतर कुणासाठी थांबत नाहीत, पण आधी दोनदा सांगितलेलं असतं, म्हणून कुणी दुखावत नाही. 'पाचला हजर' हा तुमचा तिसरा कर्णा होता. पहिले दोन झालेच नाहीत.

आजरा_ते_अंबोली

माळकरी काकांचं पटलं, पण डिसेंबर आहे हे विसरू नका. ऊसतोड जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या अंधारात दिसत नाहीत, कित्येकांना मागं लाल पट्टीसुद्धा नसते. माझ्या चुलतभावाची गाडी अशाच ट्रॉलीवर मागून गेली. तो वाचला, पण उजवा हात अजून वर जात नाही. कोल्हापुरात डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. पहिल्या मुक्कामाला साडेपाचच्या आत पोचायचंच. संध्याकाळी सातला निघून 'जवळच तर आहे' असं करू नका. कागलपर्यंत हायवे रुंदीकरणात रस्ता जागोजागी बाजूला वळवलेला असतो, मोठ्या गाडीला तो वेळ वेगळा धरा.

बदामीत माकडं फार आहेत. आप्पांच्या हातात पिशवी देऊ नका, आणि चष्म्याला दोरी लावा.

पाचगावकरीण

कालपासून तीनदा वाचलं सगळं. माळकरी काका, तुमचं लिहिणं मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्यांची आईसुद्धा फडकं ठेवायची, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड. त्यांनी हे मला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

ठरलं ते सांगते. गाड्या बुधवारी दुपारी मागवल्यात, भाडं एका दिवसाचं जास्त बसेल. दीर निम्मं देतो म्हणालेत. चालक त्या रात्री आमच्याकडे झोपतील. गुरुवारी दुपारी साडेतीनला सामान विद्यापीठाच्या गेटजवळच चढवायचं, गल्लीत गाडी न्यायचीच नाही. निपाणीच्या अलीकडे दाजींच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे, डिसेंबरात ते चालूच असतं, तिथं मोकळं आवार आहे. रात्रीचं जेवण तिथंच, पोरांना गरम काकवी. आक्काच म्हणाली की ती बुधवारीच पाचगावला येऊन राहते, म्हणजे सोडून जायचा प्रश्नच उरला नाही. मी काही बोलायच्या आधी ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी पहिला कर्णा पाचला, दुसरा साडेपाचला, तिसरा सहाला. कर्णा आप्पा वाजवणार, शाळेतली पितळी घंटा त्यांनी निवृत्त होताना आणलेली आहे. मिसळ नाही, नाश्त्याला दशम्या आणि दही. बदामीत दोन रात्री ठेवल्यात आणि हंपी यावेळी रद्द केली. मैत्रिणीच्या मुलांना थोडं वाईट वाटलं, पण उशीर झाला तरी एक अख्खी सकाळ आप्पांच्या हातात राहील.

निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे परमिटची प्रत मागवली. एका गाडीचं आलं, मुदत मार्चपर्यंत. दुसऱ्या गाडीचा मालक म्हणाला 'चालकाजवळ आहे'. मी म्हटलं, मग फोटो पाठवायला अडचण नसावी. अजून आलेला नाही. उद्या दुपारपर्यंत नाही आला तर गाडी बदलणार.

एकच राहिलं. गुऱ्हाळावर मोटरीचं कनेक्शन थ्री फेजचं आहे. त्यावरून गाडीची बॅटरी लावता येते का?

गोकुळशिरगाव_बॉडीवाला

थेट लावू नका, गाडीतला चार्जर जळंल. एक फेज आनि न्यूट्रल काढून १६ अँपिअरचा बोर्ड करून घ्याय लागतोय, अर्थिंग तपासून. चुलत्यांच्या ओळखीचा वायरमन असंल तर त्याच्याकडनं करा, स्वतः हात लावू नका. नसंल तर राहू दे, बुधवारी गाड्या पाचगावला आल्या की आधी माझ्याकडं आणा, दुपारी दोनच्या पुढं कधी बी. वर्कशॉपात रात्रभर लाईटीवर लावतो, हवा आनि बॅटरीचं पाणी बघतो, आनि गुरुवारी तीनला चालकाच्या हवाली करतो. ताबा घेताना तुम्ही या, आक्कांना बी आणा. दोन्ही गाड्यांचं समदं एकदाच दाखवतो.

पाचगावकरीण

येते दादा. आप्पांनाही आणते, त्यांना दोन बॅटऱ्या बघायच्यात.